प्राध्यापकपदाची वाट पाहताना तब्येत कशी सांभाळावी?

आपल्या वस्त्यांमध्ये आज एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी. झालेली, नेट-सेट उत्तीर्ण झालेली, पीएच.डी. मिळवलेली मुले-मुली बऱ्याच घरांत आहेत. आई-वडिलांनी धुणीभांडी करून, बिगारी करून, कंपनीत पाळ्या करून त्यांना शिकवले. पदवीचा फोटो भिंतीवर लागला. पण कॉलेजातली कायम नोकरी लागत नाही. अर्ज जातात आणि उत्तर येत नाही. वर्ष जाते, दुसरे वर्षही जाते. अशा घरात एक आजार हळूहळू शिरतो. तो थर्मामीटरवर दिसत नाही आणि रक्ताच्या तपासणीतही सापडत नाही. या वेळच्या आरोग्याच्या पानावर आम्ही त्याच आजाराविषयी बोलणार आहोत.

वाट इतकी लांब का असते?

आधी हे समजून घेऊ, कारण घरातल्यांना वाटते की मुलगाच कमी पडतो. सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट लागते. अनुसूचित जाती-जमातींना गुणांत ५ टक्के सवलत आहे. नेट राष्ट्रीय पातळीवर होते. महाराष्ट्र आणि गोव्याची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. ही पात्रता झाली म्हणजे फक्त दारापर्यंत पोहोचलो.

दार उघडायला पुढे बऱ्याच गोष्टी व्हाव्या लागतात. कॉलेजात जागा रिकामी असली तरी ती भरायला शासनाची परवानगी लागते. कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरवणारी बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते. उच्च शिक्षण विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र यावे लागते. मग जाहिरात, अर्जांची छाननी, निवड समिती, मुलाखत, आणि निवड झाल्यावर विद्यापीठाची मान्यता. यातली एक कडी अडली की सगळेच अडते. मे २०२० मध्ये कोरोनाकाळात राज्याच्या वित्त विभागाने नवी पदभरतीच थांबवली होती. त्या वेळी तयार बसलेल्या उमेदवारांचा त्यात काहीही दोष नव्हता.

नियमही मध्येच बदलतात. विद्यापीठाच्या विभागांत नेमणुकीसाठी जुलै २०२१ पासून पीएच.डी. सक्तीची होईल, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये सांगितले. पुढे ती मुदत जुलै २०२३ पर्यंत वाढवली आणि शेवटी सक्तीच काढून टाकली. १८ जून २०२४ रोजी झालेली नेट परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. देशभरातल्या लाखो उमेदवारांना पुन्हा अभ्यासाला बसावे लागले. राखीव जागेवर मुलाखती होऊनही 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा पडतो आणि जागा पुन्हा जाहिरातीत येते, हेही घडते.

तोवर पोट कसे भरायचे? बरीच मुले तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवतात. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. सुट्टीचे पैसे नाहीत, बिल निघायला कित्येक महिने लागतात आणि पुढच्या वर्षी बोलावतीलच याची खात्री नाही. शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्या कायम प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. हा फरक रोज डोळ्यांसमोर असतो. मनाला लागते ते यामुळे.

अनिश्चितता शरीराला काय करते?

नकार वाईटच. पण 'होईल की नाही' हे लटकणे त्याहून जास्त त्रास देते. लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना हाताला विजेचा हलका पण दुखणारा झटका दिला जात होता. झटका नक्की बसणार हे ज्या वेळी माहीत होते, त्या वेळी ताण कमी होता. बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी होती, तेव्हा तो सर्वांत जास्त होता. आपली मुले महिनोन्महिने याच निम्म्या-निम्म्या अवस्थेत असतात.

अशा वेळी शरीर सतत सावध राहते. ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरके पुन्हा पुन्हा वाढतात. त्यामुळे छातीत धडधडते, झोप उशिरा लागते किंवा पहाटे तीन-चारला उघडते, मान-पाठ आखडते, पोट बिघडते, ॲसिडिटी होते, चिडचिड वाढते, वाचलेले लक्षात राहत नाही. मग मुलगा म्हणतो, 'माझे डोकेच चालत नाही.' डोके चालते, पण ते थकलेले असते.

याला दुसरी बाजूही आहे. सततचा थकवा, केस गळणे, धाप लागणे यामागे रक्ताची कमतरता किंवा थायरॉइडचा आजार असू शकतो. विशेषतः मुलींमध्ये हे नेहमी आढळते. म्हणून 'टेन्शनमुळे होते' असे म्हणून सोडून देऊ नका. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. थायरॉइडची तपासणी कुठे होते, हे तिथल्याच डॉक्टरांना विचारा.

रिकामा वेळ हा आराम नसतो

ऑस्ट्रियात मारिएन्थाल नावाचे एक गाव होते. तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे राहून अभ्यास केला. तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांकडे वेळ भरपूर होता, तरी ग्रंथालयातून पुस्तके नेणे कमी झाले. पुरुषांची चालण्याची गती मंदावली. दिवसभर काय केले, हे त्यांना सांगता येईना. गिरणगावातल्या आपल्या घरांनी १९८२ च्या संपानंतर असे दिवस पाहिले आहेत.

यातून याहोडा यांनी पुढे मांडले की काम पगाराशिवायही बरेच देते. दिवसाला आकार देते, घराबाहेरची माणसे भेटवते, चार जणांच्या कामात आपला वाटा देते, समाजात ओळख देते आणि हातपाय हलते ठेवते. नोकरी मिळेपर्यंत या गोष्टी आपल्याला मुद्दाम जमवाव्या लागतात. कसे, ते पाहू.

* उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, रात्री झोप लागलेली असो वा नसो. झोपेची घडी उठण्याच्या वेळेवर बसते.
* अर्ज, जाहिराती आणि ईमेल पाहण्यासाठी दिवसातली एक वेळ ठरवा. रात्री आठनंतर मोबाइलवर निकाल शोधू नका.
* संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळा. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत राहू नका. उठून थोडा वेळ बाहेर बसा, डोळे जड झाले की परत या.
* रोज अर्धा तास भराभर चाला. आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम व्हावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याला जिम लागत नाही.
* आठवड्यातून दोन दिवस तरी शिकवा. वस्तीतल्या दहावीच्या मुलांना किंवा अभ्यासिकेत नेटची तयारी करणाऱ्यांना शिकवा. शिकवणाऱ्याचा हात त्यामुळे सुटत नाही आणि माणसांत राहणे होते.
* दारू, गुटखा आणि दुकानातून परस्पर घेतलेली झोपेची गोळी यांचा आधार घेऊ नका. दारूने डोळा लागतो, पण झोप मध्येच तुटते आणि सकाळी मन आणखी खचते.

घरच्यांनी काय करावे?

रोज संध्याकाळी 'काय झालं रे तुझ्या नोकरीचं?' असे विचारू नका. तुम्ही काळजीनेच विचारता, पण त्याला ती रोजची हजेरी वाटते. आठवड्यातला एक दिवस ठरवा, त्या दिवशी सविस्तर बोला, बाकीचे दिवस जेवणाच्या ताटावर तो विषय नको. लग्नात किंवा कार्यक्रमात पाहुणे विचारतील तेव्हा आई-वडिलांनीच पुढे होऊन सांगावे, 'त्याचे काम चालू आहे.' मुलाला एकट्याला उत्तर द्यायला लावू नये.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे. 'नोकरी लागत नाही तर लग्न उरकू' असा दबाव तिच्यावर येतो. लग्न झालेली असेल तर स्वयंपाक, मुले आणि सीएचबीचे तास उरकून रात्री अकराला ती पुस्तक उघडते. सासूबाई, नणंदबाई आणि नवऱ्याने मिळून दिवसातले दोन तास तिला मोकळे करून द्यावेत. औषधाइतकाच त्याचा गुण येतो.

एका खोलीच्या घरात अभ्यासाला कोपरा नसतो. टीव्ही ठरलेल्या वेळी बंद करणे किंवा जवळच्या वाचनालयाची फी भरणे, एवढे तरी घर करू शकते.

पैशांविषयी स्पष्ट बोलू. नेमणुकीसाठी कोणी लाखो रुपये मागितले तर घर गहाण टाकू नका, सावकाराकडे जाऊ नका. त्या कर्जाने सगळ्या घराची झोप जाते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केल्यास कायदा संरक्षण देतो. राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

जे हातात आहे ते करू

ताण कमी होतो तो माहिती हातात आल्यावर. जाहिरात का आली नाही, बिंदुनामावली तपासली का, निवड यादीचे काय झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. फी १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फी नाही. चार-पाच उमेदवार मिळून हे करा, एकट्याने किल्ला लढवू नका.

जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, नेट-सेटचे प्रमाणपत्र आणि अनुभवाचे दाखले एका फाइलमध्ये तयार ठेवा. शेवटच्या दिवशीची धावपळ वाचते. सहायक प्राध्यापकपदासाठी नेटची पात्रता कायमची असते आणि त्या परीक्षेला वयाची कमाल अट नाही, हेही लक्षात असू द्या. 'वय निघून चालले' ही भीती थोडी तरी कमी होते.

आणखी एक गोष्ट ठरवून ठेवा. किती दिवस फक्त याच वाटेवर राहायचे, याची एक तारीख घराने मिळून ठरवावी. त्यानंतर शाळा, बँक, स्पर्धा परीक्षा, प्रकाशन, अनुवाद असे दुसरे काम घेऊन अर्ज चालू ठेवावेत. यात हार नाही. बाबासाहेब १९१७ मध्ये कोलंबियाचे शिक्षण घेऊन परतले. बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, नोकरी सोडावी लागली. मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या, गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय केला, तोही जातीमुळे बुडाला. सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले नोव्हेंबर १९१८ मध्ये. मधल्या काळात ते हात बांधून बसले नव्हते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, 'माझा काही उपयोग नाही' असे वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकते. तो आजार आहे. आळस किंवा नाटक समजू नका. त्यावर समुपदेशन आहे, औषधे आहेत. औषधांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून मध्येच बंद करू नयेत. जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्याची सेवा मिळते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची मनोरुग्णालये आहेत. तिथे बाह्यरुग्ण विभागात जाऊन सल्ला घेता येतो, भरती व्हावेच लागते असे नाही.

टेलिमानस या शासकीय सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते.

कोणी 'जगण्यात अर्थ नाही' असे बोलले, आपल्या वस्तू वाटून टाकू लागले किंवा अचानक सगळ्यांचा निरोप घेऊ लागले, तर सरळ विचारा, 'जीव द्यायचा विचार येतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटे सोडू नका. घरातली विषारी औषधे आणि गोळ्या दूर ठेवा. ११२ किंवा १०८ ला फोन करा.

आपल्या गल्लीत असे वाट पाहणारे कोण कोण आहेत, हे आपल्याला माहीत असते. या रविवारी विहारात किंवा अभ्यासिकेत त्यांना एकत्र बोलवा. जाहिराती एकमेकांना सांगा, मुलाखतीचा सराव घ्या, माहिती अधिकाराचा अर्ज मिळून लिहा. नोकरी देणे आपल्या हातात नाही. पण तोपर्यंत आपले एकही लेकरू एकटे पडू नये, हे मात्र आपल्या हातात आहे.