मंगलकार्याचें थेट प्रक्षेपण

परदेशीं मुलाकडे असलेली आजी नातवाची मुंज मोबाइलवरून पाहत असते, आणि नेमक्या मंगलाष्टकांच्या वेळीं चित्र गोठतें! दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसून जोडणीचा असतो. मोबाइल इंटरनेटवर डाउनलोडपेक्षां अपलोडचा वेग सामान्यतः कमी असतो. त्यांत कार्यालयांत गर्दी जमली कीं टॉवरवरील भार वाढून तो आणखी घटतो. म्हणून आदल्या दिवशीं त्याच जागीं अपलोडचा वेग मोजावा, व त्याच्या निम्म्याहून अधिक बिटरेट योजूं नये. सेकंदास ४ मेगाबिट मिळत असल्यास २ वर थांबावें, आणि १०८० रेषांचा हट्ट सोडून ७२० किंवा ४८० रेषांचें चित्र घ्यावें. फोन ट्रायपॉडवर स्थिर असावा. हलत्या चित्रास अधिक बिट लागतात. ध्वनीस १२८ किलोबिट पुरतात. तेथें मात्र काटकसर नको. चित्र किंचित् अंधुक झालें तरी चालेल, पण मंगलाष्टकें आजीस अखंड ऐकूं यावींत.