नवख्या घोड्याचे प्रशिक्षण : घाईला थारा नाही

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील स्पॅनिश रायडिंग स्कूलच्या अश्वारोहण परंपरेचा युनेस्कोने २०१५ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. पीबर येथे जन्मलेले लिपिझानर जातीचे घोडे सुमारे ४ वर्षांचे झाल्यावर या संस्थेत दाखल होतात. प्रारंभी लांब दोरीवर वर्तुळात फिरवून त्यांना खोगीर व लगाम यांची सवय लावली जाते. त्यानंतर स्वार पाठीवर बसतो. स्वाराच्या वजनामुळे नवख्या घोड्याचा तोल बिघडतो. त्यामुळे पहिल्या टप्प्यात त्याला सरळ रेषेत, मोकळ्या चालीने पुढे जाण्यासच शिकवतात. पाठीचे स्नायू बळकट होण्यापूर्वी कठीण कसरती लादल्यास घोड्याला इजा होऊ शकते आणि स्वारावरील त्याचा विश्वासही उडतो. म्हणूनच संपूर्ण प्रशिक्षणास सुमारे ६ वर्षे दिली जातात.