एक रकाना चुकला आणि अख्खा फॉर्म कोरा! असं का होतं?

अर्जाची शेवटची तारीख, रात्रीचे साडेअकरा. नाव, पत्ता, मार्क, बँकेचा आयएफएससी कोड असं सगळं भरून तुम्ही सबमिट दाबता. वर लाल अक्षरांत येतं, 'मोबाईल नंबर चुकीचा आहे.' आणि खाली बघता तर सगळा फॉर्म कोरा.

चूक एका आकड्याची, शिक्षा चाळीस रकान्यांची. आपण नेटला शिव्या घालतो, पण दोष बहुतेक वेळा नेटचा नसतो. साइट बनवणाऱ्याने एक काम अर्धवट सोडलेलं असतं.

वेब ज्या एचटीटीपी या पद्धतीवर चालतं, तिला मागचं काही आठवत नाही. सबमिट दाबलं की रकान्यांतली माहिती सर्व्हरकडे जाते. सर्व्हर ती तपासतो आणि उत्तर म्हणून नवं पान पाठवतो. ते जुन्यासारखंच दिसतं, पण असतं नव्याने तयार केलेलं. खिडकीवरच्या कारकुनाने चुकलेला अर्ज परत न देता नवा कोरा अर्ज हातात ठेवावा, तसं. तुम्ही लिहिलेलं त्या नव्या पानावर हवं असेल, तर ते कुणीतरी परत लिहून द्यायला हवं.

हे काम फ्रेमवर्क करतं. फ्रेमवर्क म्हणजे साइट बांधायचा तयार सांगाडा. पायथनमधल्या जँगोत भरलेला फॉर्मच चुकांच्या सूचनांसकट परत दाखवता येतो. पीएचपीमधलं लाराव्हेल तुमची माहिती पुढच्या एका पानापुरती जपून ठेवू शकतं, पण ती रकान्यात आणण्यासाठी प्रोग्रामरला 'ओल्ड' नावाचं फंक्शन प्रत्येक रकान्याला लावावं लागतं. विसरला, की रकाना कोरा. तुमचे साडेअकराचे हाल बहुधा इथेच झालेले असतात.

दोन गोष्टी मात्र मुद्दाम परत भरल्या जात नाहीत. एक पासवर्ड; तो परत पाठवला तर पानाच्या सोर्समध्ये उघडा दिसेल. दुसरी फाइल. फोटो-सही पुन्हा निवडायला लागते त्यात सर्व्हरचा आळस नाही, ब्राउझरच परवानगी देत नाही. दिली असती, तर कुठल्याही साइटने तुमच्या कॉम्प्युटरवरच्या फाइलचं नाव त्या चौकोनात आधीच भरून ठेवलं असतं आणि सबमिट दाबताच फाइल उचलली असती.

आता याची उलटी बाजू. कोरा फॉर्म नुसता वैताग आणतो, पण न पुसलेला फॉर्म खरं नुकसान करू शकतो.

जावामध्ये जेएसएफ नावाचं फ्रेमवर्क आहे. 2004 साली आलं, आता त्याला जाकार्ता फेसेस म्हणतात. तुमची माहिती जपण्यात ते फारच तत्पर. समजा ऑफिसातला कर्मचारी यादीतून एका ग्राहकाचं नाव निवडतो, बाजूच्या फॉर्ममध्ये पत्ता बदलतो, पिनकोड चुकवतो आणि सेव्ह दाबतो. चूक सापडल्यामुळे काहीच सेव्ह होत नाही, पण टाइप केलेलं सगळं रकान्यांत राहतं. इथपर्यंत उत्तम. मग तो वैतागून यादीतला दुसरा ग्राहक निवडतो. सर्व्हरने दुसऱ्याची माहिती आणलेली असते, तरी रकान्यांत पहिल्याचाच पत्ता दिसत राहतो! कारण जेएसएफमध्ये रकाना आधी स्वतःजवळची, टाइप केलेली किंमत दाखवतो. ती नसेल तरच मूळ नोंदीकडे बघतो. लक्ष न देता पिनकोड सुधारून सेव्ह दाबलं, की पहिल्याचा पत्ता दुसऱ्याच्या नावावर चढला.

हे पुसण्याचा कोड पूर्वी प्रोग्रामर हाताने लिहायचे. 2013 च्या जेएसएफ 2.2 मध्ये त्यासाठी 'रीसेटव्हॅल्यूज' ही सोय आली. नवा ग्राहक निवडताना कोणत्या रकान्यांनी आपलं जपलेलं विसरायचं, हे तिने सांगता येतं. ती वापरायची आठवण मात्र माणसालाच ठेवावी लागते.

मग फॉर्मखालचं रीसेट बटण कशाला आहे? गंमत अशी, की ते फॉर्म कोरा करतच नाही. पान आलं तेव्हा रकान्यांत जे होतं, तिथे ते नेऊन ठेवतं. चूक झाल्यावर सर्व्हरने तुमचीच चुकीची माहिती भरून पान पाठवलं असेल, तर रीसेट दाबूनही तीच चुकीची माहिती परत येणार. आणि पहिल्यांदाच भरत असाल, तर एका चुकीच्या क्लिकने सगळं साफ. वेबसाइटच्या वापरसुलभतेवर लिहिणारे याकोब नील्सन यांनी 2000 सालीच हे बटण काढून टाका असं सुचवलं होतं. आपल्याकडच्या कित्येक अर्जांत ते अजून सबमिटला खेटून उभं असतं, हे काही मला कळत नाही.

फॉर्म कोरा झालाच, तर टाइप करायला बसण्याआधी एकदा ब्राउझरचं बॅक बटण दाबून बघा. बरेचदा ब्राउझरने आधीचं भरलेलं पान स्वतःकडे ठेवलेलं असतं. सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या मोबाईलवर अर्ज भरत असाल, तर काम झाल्यावर लॉगआउट करून ब्राउझर पूर्ण बंद करा. बॅक बटण तुमच्यानंतर बसणाऱ्यालाही दाबता येतं.