आधी टेबल, मग फॉर्म

सार्वजनिक वाचनालयातली पुस्तकांची देवघेव, औषधाच्या दुकानातला साठा, सोसायटीच्या वर्गणीच्या पावत्या. अशा कामांसाठी आपल्याच संगणकावर चालणारं, इंटरनेट बंद पडलं तरी न अडणारं छोटं सॉफ्टवेअर स्वतः लिहावं, असं पुष्कळांना वाटतं. त्यातले बरेच जण सुरुवात करतात आणि मध्येच सोडून देतात. त्याला कारण गणित नसतं आणि इंग्रजीही नसतं. कोणत्या गोष्टीला किती वेळ द्यायचा याबद्दलचे ऐकीव समज त्यांना चुकीच्या ठिकाणी राबवून घेतात. खाली उदाहरण म्हणून एक लहान वाचनालय घेतलं आहे, कारण त्याचे व्यवहार सगळ्यांना माहीत असतात आणि डेटाबेसमधली जवळजवळ प्रत्येक अडचण त्यात भेटते.

"आता सगळं वेबवर आहे, डेस्कटॉप संपलं"

फॉक्सप्रो हे डेटाबेसचं साधन संपलं, हे खरं. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या गावोगावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ते शिकवलं जायचं. १९९२ साली मायक्रोसॉफ्टनं ते बनवणारी फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी घेतली, त्याच वर्षी स्वतःचं डेटाबेस-साधन अ‍ॅक्सेसही बाजारात आणलं, आणि व्हिज्युअल फॉक्सप्रोच्या शेवटच्या आवृत्तीला मिळणारा आधार जानेवारी २०१५ मध्ये थांबला. पण एक साधन संपलं म्हणजे कामाचा तो प्रकार संपला, असं होत नाही. काउंटरवर बसून दिवसभर नोंदी करणाऱ्या माणसाला वेग हवा असतो, कीबोर्डवर हात ठेवून काम उरकायचं असतं, आणि नेट गेल्यावर रांग थांबवता येत नाही. ही गरज जिथे आहे तिथे डेस्कटॉप प्रोग्रॅम आजही लिहिले जातात.

"एक्सेल आहे की, डेटाबेस कशाला?"

यादी ठेवायला एक्सेल उत्तम आहे. अडचण येते ती एका यादीचा दुसऱ्या यादीशी संबंध जुळवताना. देवघेवीच्या शीटमध्ये सभासदाचं नाव एकदा 'कुलकर्णी', एकदा 'कुळकर्णी' पडलं तर एक्सेल हरकत घेत नाही. अस्तित्वात नसलेल्या सभासदाच्या नावावर पुस्तक गेलं तरी घेत नाही. मर्यादा ओलांडल्याचा फटकाही गुपचूप बसतो. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीत कोविडचे १५,८४१ रुग्ण वेळेवर मोजले गेले नाहीत. माहिती जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये भरली जात होती, तिच्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते, आणि उरलेल्या ओळी तशाच गळून गेल्या. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला.

"आधी कोणती भाषा शिकू?"

नवशिक्यांचे महिनोन् महिने या प्रश्नात जातात. पायथन, सी शार्प, जावा, कोणतीही चालेल. हातात पैसे नसतील तर पायथन सोयीचं, कारण २००६ च्या २.५ या आवृत्तीपासून एसक्यूलाइट डेटाबेसशी बोलायची सोय त्यात सोबतच मिळते, आणि खिडक्या-बटणं काढायला टीकेइंटर असतं. पण भाषा निवडण्यापेक्षा मोठं काम बाजूलाच पडून असतं: एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची आणि हुकूम द्यायची भाषा. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली रिलेशनल, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या टेबलांच्या, पद्धतीचा पाया मांडला, आणि तिथल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये या भाषेचं पहिलं रूप पुढे आणलं. तेव्हापासून फॉर्म बनवायची साधनं आली आणि गेली, तरी सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट हे चार शब्द जिथल्या तिथे आहेत. आज शिकलेली एसक्यूएलची क्वेरी अ‍ॅक्सेसमध्ये, एसक्यूलाइटमध्ये, पोस्टग्रेसमध्ये थोड्याफार फरकानं चालते. माझ्या मते पहिला महिना एकही फॉर्म न काढता नुसत्या क्वेरी लिहिण्यात घालवावा. डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट हे फुकट साधन त्याला पुरेसं आहे.

"मोठा सर्व्हर बसवल्याशिवाय खरा डेटाबेस होत नाही"

एसक्यूलाइटला सर्व्हर लागत नाही, पासवर्ड लागत नाही, सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो. म्हणून त्याला खेळणं समजणारे आहेत. रिचर्ड हिप यांनी ते २००० साली लिहिलं. कल्पना सुचली ती अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेवरच्या एका सॉफ्टवेअरचं काम करताना: डेटाबेस सर्व्हर बंद असला की प्रोग्रॅमही अडून बसायचा. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये, आयफोनमध्ये, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ते आहे. फाइल तात्त्विकदृष्ट्या २८१ टेराबाइटपर्यंत वाढू शकते, अ‍ॅक्सेसची मर्यादा २ गिगाबाइट आहे. वाचनालयाला यातलं काहीच कमी पडणार नाही.

मात्र त्याच्या दोन सवयी पहिल्याच दिवशी माहीत हव्यात. टेबलांमधला संबंध पाळण्याचा नियम, म्हणजे फॉरेन की, आपण लिहिला तरी तो अमलात आणणं मुळात बंद असतं. डेटाबेस उघडताना दरवेळी ते चालू करावं लागतं. आणि 'पूर्णांक' म्हणून जाहीर केलेल्या कॉलममध्ये अक्षरं टाकली तरी ते मुकाट घेतं. २०२१ पासून टेबल बनवताना 'स्ट्रिक्ट' हा शब्द जोडून ही ढिलाई थांबवता येते. नवशिक्यानं तो जोडावाच.

"फॉर्म छान झाला की सॉफ्टवेअर झालं"

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीनं होतं. बटणं ओढून खिडकीवर ठेवता येतात, लगेच काहीतरी दिसतं, उत्साह वाढतो, आणि टेबलांचा विचार नंतर करू म्हणून राहून जातो. मग वाचनालयाचं टेबल असं तयार होतं: पुस्तकाचं नाव, लेखक, 'सध्या कोणाकडे'. पुस्तक परत आलं की 'सध्या कोणाकडे' पुसायचं. वर्षअखेरीला कार्यवाह विचारतात, यंदा सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पुस्तक कोणतं? उत्तर नसतं, कारण प्रत्येक परतीबरोबर तो इतिहास पुसला गेलेला असतो. दुसरा नमुना सभासदाच्या टेबलात 'पुस्तक १', 'पुस्तक २' असे कॉलम ठेवण्याचा. समितीनं तीन पुस्तकं द्यायचं ठरवलं की टेबल, फॉर्म, अहवाल सगळंच पुन्हा करावं लागतं.

खरं तर वाचनालयाच्या जुन्या रजिस्टरांनी हा प्रश्न कधीच सोडवलेला आहे. एकाच कादंबरीच्या पाच प्रती असल्या तर दाखल नोंदवहीत त्यांना पाच वेगळे दाखल क्रमांक असतात. म्हणजे 'ग्रंथ' ही एक गोष्ट आणि 'प्रत' ही दुसरी. ग्रंथाचं नाव आणि लेखक एकदाच लिहायचा, प्रतीच्या ओळीत दाखल क्रमांक आणि तो कोणत्या ग्रंथाचा एवढंच. सभासदांचं टेबल तिसरं. आणि देवघेव हे चौथं टेबल: कोणती प्रत, कोणता सभासद, दिल्याची तारीख, परतीची तारीख. परतीची तारीख रिकामी असेल तर पुस्तक बाहेर आहे. किती दिवस उशीर झाला हे साठवायचंच नाही, तारखांवरून काढायचं. साठवलं तर उद्या ते चुकीचं ठरेल.

या रिकाम्या तारखेपाशीही एक खळगा आहे. रिकामं, म्हणजे नल, हे शून्य नाही आणि कोरी अक्षरमालाही नाही. 'परतीची तारीख बरोबर नल' असं विचारलं तर बाहेर गेलेलं एकही पुस्तक सापडत नाही, आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. 'इज नल' असंच विचारावं लागतं.

हे चार टेबलांचं चित्र कागदावर पेन्सिलीनं काढायला एक दुपार पुरते. त्या दुपारी ग्रंथपालांशेजारी बसून त्यांची रजिस्टरं पाहावीत. हरवलेल्या पुस्तकाची नोंद कुठे करता, सभासदानं वर्गणी थकवली तर काय करता, असे प्रश्न तेव्हाच विचारायचे असतात.

"नंबर म्हणजे नंबर"

मोबाइल क्रमांक हा आकड्यांचा असला तरी संख्या नव्हे. त्याची कोणी बेरीज करत नाही. तो संख्या म्हणून ठेवायला गेलात तर अ‍ॅक्सेसच्या 'लाँग इंटिजर' कॉलममध्ये तो मावतच नाही, कारण तिथली कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे आणि आपले दहा आकडी मोबाइल क्रमांक ६ ते ९ नं सुरू होतात. तो टेक्स्ट म्हणूनच ठेवावा. पैशांचं उलट आहे. ते संख्याच, पण दशांश अपूर्णांकाच्या नेहमीच्या प्रकारात ठेवू नयेत. त्या प्रकारात संगणक ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ पेक्षा किंचित जास्त काढतो, आणि हजारो पावत्यांच्या शेवटी हिशेब जुळत नाही. एसक्यूलाइटमध्ये रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवावी आणि दाखवताना रुपये करावेत. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस या क्रमानं ठेवावी. अ‍ॅक्सेसच्या एसक्यूएल क्वेरीत ०३/०४ लिहिलं तर ते अमेरिकी पद्धतीनं ४ मार्च धरलं जातं, मग तुमच्या विंडोजची मांडणी भारतीय का असेना.

"मराठी डेटाबेसमध्ये चालत नाही" आणि "युनिकोड आहे, मराठी आपोआप चालतं"

दोन्ही चूक. पहिला समज जुन्या फॉन्टांच्या काळातला आहे. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दिसायला मराठी असला तरी आत रोमन अक्षरांचे संकेत असतात, त्यामुळे फॉन्ट बदलला की सगळा गोंधळ दिसतो. युनिकोडमध्ये तसं होत नाही. एसक्यूलाइट, अ‍ॅक्सेस, पोस्टग्रेस सगळीकडे देवनागरी नीट साठते.

पण साठणं वेगळं आणि क्रम लावणं, शोधणं वेगळं. एसक्यूलाइट मुळात अक्षरांच्या संकेतांकांवरून क्रम लावतं, आणि युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे आहे. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. म्हणून काल, कावळा, काही, काळ असा क्रम हवा असताना यादी काल, काळ, कावळा, काही अशी निघते. ग्रंथालयाच्या छापील सूचीत ही चूक कोणताही ग्रंथपाल एका नजरेत पकडेल. पायथनमधून आपला क्रमाचा नियम लिहून एसक्यूलाइटला देता येतो, तो द्यावा.

शोधताना 'ऱ' त्रास देतो. 'कऱ्हाड' हा शब्द पडद्यावर सारखाच दिसत असला तरी आत तीन प्रकारे लिहिलेला असू शकतो: 'ऱ' हे एकच अक्षर वापरून, 'र' खाली नुक्ता देऊन, किंवा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. कोण कोणत्या कीबोर्डवर टाइप करतं, त्यावर ते अवलंबून. एका पद्धतीनं नोंदलेला सभासद दुसऱ्या पद्धतीनं शोधल्यावर सापडत नाही, आणि मग त्याच माणसाची दुसऱ्यांदा नोंद होते. उपाय असा, की मजकूर साठवण्याआधीच आणि शोधण्याआधीही एकाच रूपात आणायचा. युनिकोडचं ठरलेलं नॉर्मलायझेशन पहिली दोन रूपं एक करतं. तिसऱ्यासाठी बदलाचा एक नियम आपण लिहायचा.

"क्वेरी जोडून जोडून केली तरी चालते"

फॉर्ममधलं नाव उचलून क्वेरीच्या मजकुरात चिकटवणं सोपं वाटतं, आणि चाचणीत ते चालतंही. मग वसईचे किंवा गोव्याचे एखादे डिसूझा सभासद व्हायला येतात. त्यांचं आडनाव रोमन लिपीत लिहिताना 'डी'नंतर वर स्वल्पविरामासारखं चिन्ह येतं. एसक्यूएलमध्ये त्याच चिन्हानं मजकूर संपतो, त्यामुळे क्वेरी तिथेच तुटते. एखाद्यानं मुद्दाम त्या जागी एसक्यूएलच लिहिलं तर तो डेटाबेसला हवा तो हुकूम देऊ शकतो. यावर उपाय एकच: नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि किंमत वेगळी पाठवायची. पहिल्या क्वेरीपासून हीच सवय लावावी.

"सेव्ह दाबलं की साठलं"

पायथनमध्ये एसक्यूलाइटवर नोंद घातली, यादीत दिसली, प्रोग्रॅम बंद करून उघडला तर गायब. प्रत्येक नवशिक्याला हा अनुभव येतो. कमिट म्हटल्याखेरीज बदल पक्का होत नाही. ही अडचण नसून सोय आहे. सभासदत्व रद्द करताना अनामत परत दिल्याची नोंद आणि सभासद बंद झाल्याची नोंद, अशा दोन नोंदी होतात. मधेच वीज गेली तर एक झाली आणि एक राहिली, असं होता कामा नये. दोन्ही मिळून एक ट्रान्झॅक्शन केलं की दोन्ही होतात किंवा एकही होत नाही. वीज गेल्यानंतर डेटाबेसशेजारी 'जर्नल' नावाची एक जास्तीची फाइल उरलेली दिसेल. कचरा समजून ती पुसू नये. अर्धवट बदल मागे घेण्याची माहिती तिच्यातच असते, आणि ती पुसली तर डेटाबेस बिघडू शकतो.

वाचनालयात दुसरा संगणक आला की फाइल नेटवर्कवर सामायिक ठेवावी, असं वाटतं. एसक्यूलाइटसाठी हे टाळावं, कारण नेटवर्कवरचं फाइल लॉकिंग अनेकदा भरवशाचं नसतं. त्या टप्प्यावर पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी अशा सर्व्हरवर चालणाऱ्या डेटाबेसकडे जावं. टेबलांची रचना नीट असेल तर ती जवळजवळ तशीच बरोबर नेता येते.

"माझ्या संगणकावर चाललं, काम झालं"

पायइन्स्टॉलरनं प्रोग्रॅमची एक्झी फाइल करून वाचनालयात बसवली की पहिली तक्रार येते 'डेटाबेस उघडत नाही' अशी. बहुतेक वेळा डेटाबेसची फाइल 'प्रोग्रॅम फाइल्स' फोल्डरमध्ये ठेवलेली असते, आणि तिथे साध्या वापरकर्त्याला लिहायची परवानगी नसते. ती वापरकर्त्याच्या 'अ‍ॅपडेटा' फोल्डरमध्ये ठेवावी. प्रोग्रॅम चालू असताना बॅकअपसाठी फाइलची नुसती नक्कल करू नये, एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअपची सोय वापरावी. आणि तो बॅकअप महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा.

सहा महिन्यांनी समिती म्हणेल, सभासदाचा ईमेलही हवा. तोवर टेबलात खऱ्या नोंदी असतात, त्यामुळे ते पुसून नवं करता येत नाही. एसक्यूलाइटच्या फाइलमध्ये 'यूजर व्हर्जन' नावाचा एक आकडा आपल्यासाठी मोकळा ठेवलेला असतो. तिथे रचनेचा क्रमांक लिहायचा. प्रोग्रॅम सुरू होताना तो वाचतो, १ दिसला तर 'ऑल्टर टेबल'नं ईमेलचा कॉलम वाढवतो, आकडा २ करतो आणि नेहमीचा फॉर्म उघडतो.