त्वचारोगांवरील प्रकाशगतिक उपचार व वेदना : कारक घटकांचे विवेचन

प्रस्तावना :
प्रकाशाच्या साहाय्याने त्वचारोग बरे करण्याच्या आधुनिक परंपरेचा आरंभ डेन्मार्कमधील नील्स फिन्सेन यांच्या कार्यापासून मानला जातो. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी त्यांना १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. फोटोडायनॅमिक थेरपी म्हणजेच प्रकाशगतिक उपचारपद्धती ही त्याच परंपरेतील पुढची पायरी होय. उन्हामुळे उद्भवणारा ॲक्टिनिक केराटोसिस हा कर्करोगपूर्व विकार, बोवेनचा रोग आणि वरच्या थरापुरता मर्यादित बेसल सेल कर्करोग यांवर ती वापरली जाते. शस्त्रक्रियेच्या मानाने व्रण कमी राहतो, हा तिचा गुण आहे. मात्र प्रकाश देतेवेळी होणारी वेदना ही तिची प्रमुख मर्यादा ठरते. वेदना असह्य झाल्यास सत्र मध्येच थांबवावे लागते किंवा रुग्ण पुढील सत्र टाळतो. परिणामी रोग अर्धवट राहतो.

वेदनेची उत्पत्ती :
या पद्धतीत अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल किंवा त्याचे मिथाइल रूप असलेले मलम त्वचेवर लावले जाते. रोगग्रस्त पेशींत त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन-९ हे प्रकाशसंवेदी द्रव्य तयार होते. त्यावर सुमारे ६३० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश टाकला असता ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे निर्माण होऊन पेशी नष्ट होतात. याच प्रक्रियेत लगतची चेताग्रे उत्तेजित होतात व आग झाल्यासारखी, टोचल्यासारखी वेदना जाणवते. ती बहुधा पहिल्या काही मिनिटांत शिखर गाठते. म्हणजेच रोगनाश आणि वेदना यांचा उगम एकाच अभिक्रियेत आहे.

वेदनेवर परिणाम करणारे घटक :
१) स्थान व क्षेत्रफळ : चेहरा व टाळू या चेताग्रांनी समृद्ध भागांत वेदना अधिक असते. उपचारित क्षेत्र विस्तृत असल्यास ती आणखी वाढते.
२) रोगाचा प्रकार : बेसल सेल कर्करोगापेक्षा ॲक्टिनिक केराटोसिसच्या उपचारात सामान्यतः अधिक वेदना होते.
३) प्रकाशसंवेदी द्रव्याचे प्रमाण : प्रकाश देण्यापूर्वी त्वचेत प्रोटोपॉर्फिरिन जितके अधिक साचलेले, तितकी वेदना तीव्र होण्याचा संभव अधिक.
४) प्रकाशाची तीव्रता : एकूण मात्रा तीच ठेवूनही ती कमी तीव्रतेने, अधिक वेळात दिल्यास वेदना कमी होते.
५) पूर्वानुभव : पहिल्या सत्रात फार वेदना झालेल्या रुग्णास दुसऱ्या सत्रातही ती होण्याची शक्यता अधिक असते.
वय व लिंग यांविषयी मात्र निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत.

वेदनाशमनाचे उपाय :
त्वचेवर लावावयाच्या बधिरक मलमांचा या वेदनेवर फारसा उपयोग होत नाही. चेताअवरोध, म्हणजे त्या भागाच्या मुख्य चेतातंतूजवळ दिलेले बधिरक इंजेक्शन, हा परिणामकारक उपाय आहे; परंतु त्यासाठी कौशल्य लागते व तो सर्व भागांना लागू पडत नाही. थंड हवेच्या झोताने काहीसा आराम मिळतो. तथापि थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावून ऑक्सिजनचा पुरवठा घटतो आणि उपचाराचा परिणामही मंदावू शकतो.

या पेचातून दिवसाच्या प्रकाशावर आधारित पद्धतीने वाट काढली. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००८ मध्ये तिच्याविषयीचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. या पद्धतीत सनस्क्रीन व औषधी मलम लावून रुग्ण साधारण अर्ध्या तासाच्या आत बाहेर जातो व सुमारे दोन तास उजेडात राहतो. प्रोटोपॉर्फिरिन तयार होते तसतसे ते खर्ची पडते, त्याचा साठा होत नाही. म्हणून वेदना नाममात्र राहते. ॲक्टिनिक केराटोसिसच्या पातळ चट्ट्यांवर तिचा परिणाम नेहमीच्या पद्धतीच्या जवळपास आढळला आहे. अर्थात, ऋतू व हवामान यांच्या मर्यादा तिला आहेत, तसेच जाड चट्ट्यांसाठी ती तितकी योग्य नाही.

निष्कर्ष :
वेदना ही या उपचाराची केवळ आगंतुक बाब नसून त्याच्या कार्यपद्धतीशीच ती निगडित आहे. म्हणून अभिक्रिया रोखण्याऐवजी तिचा वेग आवरणे हाच अधिक शास्त्रीय मार्ग ठरतो. रोगाचे स्थान, विस्तार व प्रकार पाहून उपचारापूर्वीच वेदनेचा अंदाज घेतल्यास आणि रुग्णास त्याची पूर्वकल्पना दिल्यास उपचार पूर्णत्वास जाण्याची शक्यता वाढते.