लाजेची वसुली

दुकानातील एखादी किरकोळ वस्तू पैसे न देता पिशवीत टाकून बाहेर पडताना पकडले जाणे, हा प्रकार तासाभरात उरकतो. पहारेकरी अडवितो, मागच्या खोलीत नेतो, वस्तू काढून घेतली जाते, नाव-पत्ता लिहून घेतला जातो. पोलीस कधी येतात, कधी येतही नाहीत. 'पुन्हा या दुकानात पाऊल टाकू नका' अशी ताकीद ऐकून माणूस खाली मान घालून घरी जातो आणि प्रकरण मिटले अशी स्वतःची समजूत घालतो. मग आठ-पंधरा दिवसांनी एक पत्र येते. इंग्लंडमध्ये ते बहुधा एखाद्या वसुली कंपनीचे असते. अमेरिकेत आणि कॅनडात पुष्कळदा वकिलाचे. आपल्या कृत्यामुळे दुकानाचे अमुक इतके नुकसान झाले आहे, ते इतक्या दिवसांत भरा, न भरल्यास दिवाणी दावा दाखल होईल आणि त्याचा खर्चही आपल्यावरच पडेल, असा त्याचा मजकूर. लवकर भरल्यास रकमेत सूट देण्याची उदारताही काही पत्रांत असते.

या व्यवहाराला तिकडे 'सिव्हिल रिकव्हरी' म्हणतात. मराठीत त्याला दिवाणी वसुली म्हणता येईल. चोरी हा फौजदारी गुन्हा असला तरी त्याच कृत्याने एखाद्याचे नुकसान झाले असेल तर त्याची भरपाई दिवाणी मार्गाने मागता येते, हे तत्त्व जुने आहे आणि त्यात गैर काही नाही. चोरलेली बाटली फुटली, कापड फाटले, माल परत मिळालाच नाही, तर त्याची किंमत चोराने द्यावी, याला कोणीही मान्यताच देईल. प्रश्न उत्पन्न होतो तो वस्तू जशीच्या तशी परत फळीवर गेल्यावर. मग नुकसान कशाचे?

या प्रश्नाचा निकाल इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयाने मे २०१२ मध्ये दिला. दोन अल्पवयीन मुलींनी एका मोठ्या दुकानातून माल उचलला होता. त्या पकडल्या गेल्या आणि माल परत मिळाला. पुढे दुकानाने प्रत्येकीकडून १३७ पौंड ५० पेन्स मागितले. ही रक्कम मालाची नव्हती. पहारेकऱ्यांचा वेळ, कागदपत्रांचा व्याप, पाळतीची यंत्रणा या साऱ्या खर्चातील तो वाटा, असे दुकानाचे म्हणणे होते. असली मागणीपत्रे तोवर त्या देशात हजारोंनी गेली होती. पण विरोध झाला की बहुतेक मागण्या न्यायालयापर्यंत पोहोचतच नसत. हा दावा मात्र न्यायाधीश चार्ल्स हॅरिस यांच्यापुढे पुरता लढविला गेला आणि त्यांनी तो फेटाळला. त्यांचा युक्तिवाद कोणाही कारकुनाला पटेल असा आहे. पहारेकरी चोर पकडण्यासाठीच नेमलेला असतो. त्याने चोर पकडला म्हणजे तो आपल्या कामापासून दूर गेला असे नव्हे, त्याने आपले कामच केले. त्या दिवशी एकही चोर सापडला नसता तरी त्याचा पगार द्यावाच लागला असता, आणि पाळतीची यंत्रणाही तशीच भिंतीवर राहिली असती. एखाद्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या कामातून काढून दुसरीकडे गुंतवावे लागले, त्यामुळे धंद्याची खरोखर खोटी झाली, असे सिद्ध झाले तर भरपाई मिळू शकते. तसे येथे काहीही दाखविता आले नाही.

काउंटी न्यायालय हे खालच्या पायरीवरचे न्यायालय. त्याचा निकाल इतरांवर बंधनकारक नसतो, ही गोष्ट वसुली कंपन्यांनी लगेच ध्यानात आणून दिली, आणि ती खरीही आहे. तथापि त्या निकालाला कारण झालेला लढा अचानक उभा राहिलेला नव्हता. नागरिकांना विनामूल्य सल्ला देणाऱ्या 'सिटिझन्स ॲडव्हाइस' या संस्थेने २००९ व २०१० या दोन्ही वर्षी या पत्रांवर सविस्तर अहवाल काढले होते. पत्रे मिळालेल्यांत शाळकरी मुले होती, मनोविकाराने त्रस्त माणसे होती. स्वयंचलित गल्ल्यावर एखादी वस्तू नोंदायची राहून गेली आणि चूक झाली असे सांगणारेही होते. रक्कम ठरावीक असे. चोरीचा माल पाच पौंडांचा असो वा पन्नासचा, प्रत्यक्ष किती तास गेले आणि किती खर्च झाला, याचा हिशेब त्या पत्रात क्वचितच सापडे. ज्या नुकसानीचा हिशेब देता येत नाही ती नुकसानभरपाई नव्हे. तो दंड होय. आणि दंड ठोठावण्याचा अधिकार कोणत्याही सुधारलेल्या राज्यात दुकानदाराकडे नसतो.

अमेरिकेची गोष्ट थोडी वेगळी. तेथे सर्व राज्यांनी याविषयी स्वतंत्र कायदेच करून ठेवले आहेत, त्यामुळे 'नुकसान कोणते?' हा ऑक्सफर्डमधील प्रश्न तेथे पुष्कळदा गैरलागू ठरतो. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेचे कलम ४९०.५ दुकानदाराला ५० ते ५०० डॉलरपर्यंत रक्कम मागण्याचा हक्क देते. माल विकण्याजोगा राहिला नसेल तर त्याची किंमत निराळी. चोर अल्पवयीन असेल तर ही जबाबदारी पालकांवरही येते. न्यूयॉर्कमध्ये मालाच्या किमतीच्या पाचपट किंवा ७५ डॉलर, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिथपर्यंत मागणी करता येते, मात्र ५०० डॉलरच्या वर जाता येत नाही. म्हणजे विधिमंडळानेच हा दंड खासगी हातात दिला आहे. ते योग्य की अयोग्य याविषयी मतभेद होऊ शकतात. पण निदान मर्यादा कायद्यात लिहिलेली आहे आणि ती कोणालाही वाचता येते.

ही मर्यादा ओलांडली की काय होते तेही अमेरिकेनेच पाहिले. यूटामधील एका कंपनीने दुकानांना नवीच योजना विकली. पकडलेल्या माणसाला मागच्या खोलीत बसवून एक चित्रफीत दाखवायची. 'सुधारणेचा अभ्यासक्रम' स्वीकारा, तो लगेच भरल्यास ४०० डॉलरना आणि हप्त्यांनी ५०० डॉलरना मिळेल, नाही तर पोलीस बोलावू, असे सुचवायचे. कबुलीजबाबावर तेथेच सही घ्यायची. सॅन फ्रान्सिस्कोचे नगर अधिवक्ता डेनिस हरेरा यांनी २०१५ मध्ये या कंपनीवर दावा लावला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये तेथील न्यायालयाने ही योजना कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे खंडणीखोरी ठरते असा निर्णय दिला. चोराला सुधारण्याची भाषा करणारा स्वतःच खंडणीबहाद्दर ठरावा, हा काव्यगत न्याय म्हणायचा.

दुकानदाराची बाजू नाहीच असे मात्र समजू नये. उचलेगिरी ही लहान गोष्ट नव्हे. मोठ्या दुकानांची गोष्ट सोडली तरी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा दिवसाचा नफा दोन बाटल्यांच्या चोरीने नाहीसा होतो, आणि इंग्लंडमधील अशी कितीतरी दुकाने गुजराती, पंजाबी कुटुंबे पहाटेपासून रात्रीपर्यंत राबून चालवितात. पोलिसांना दूरध्वनी केला तर ते येतीलच असा भरवसा नाही. आले तरी खटला उभा राहील असे नाही. पहाऱ्याचा खर्च अखेरीस वस्तूंच्या किमतीत मिसळतो आणि प्रामाणिक ग्राहकच तो भरतो. मग तो चोराने का भरू नये, हा प्रश्न दुकानदार विचारतो तेव्हा त्यात तथ्य आहे. परंतु ज्या दुकानदाराला खरी झळ पोहोचते त्याला असली पत्रे पाठविण्याची यंत्रणा परवडत नाही. ती परवडते ती बड्या साखळ्यांना, आणि पत्र जाते तेही सराईत टोळीच्या नावे नव्हे, कारण टोळीवाला खरा पत्ता सांगत नाही. खरा पत्ता सांगतो तो पहिल्यांदाच पकडला गेलेला, घाबरलेला माणूस. वसुलीचा सारा डोलारा त्याच्या घाबरण्यावर उभा आहे. शेजाऱ्यांना कळेल, नोकरी जाईल, आईवडिलांना तोंड कसे दाखवू, या धास्तीने तो पत्र कोणालाही दाखवीत नाही. आणि जे पत्र वकिलाने वाचले असते तर पाच मिनिटांत निकालात निघाले असते, त्याचे पैसे मुकाट्याने भरतो.

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील एका आईने हे पैसे भरले आणि नंतर परत मागितले. तिच्या चौदा वर्षांच्या मुलाने झेलर्स या दुकानसाखळीच्या दुकानातून सुमारे ६० डॉलरचा माल उचलला होता. माल विकण्याजोग्या स्थितीत परत मिळाला होता. दुकानाच्या वकिलाने आईला पत्र धाडले, २२५ डॉलर भरा, नाही तर दावा होईल. तिने भरले. मागाहून सल्ला घेतला तेव्हा कळले की, मुलाने चोरी केली एवढ्यावरून तेथील तेव्हाचा कायदा आईला जबाबदार धरीतच नव्हता. तिने स्वतः निष्काळजीपणा केला असे दाखविता आले तर गोष्ट वेगळी. चोर सोडून संन्याशाला सुळी, असाच हा प्रकार होता. ती न्यायालयात गेली. १९९६ मध्ये प्रांताच्या कोर्ट ऑफ क्वीन्स बेंचने तिला २२५ डॉलर परत देवविले. दुकानाचा दावा टिकण्याजोगाच नव्हता, आणि वकिलाला ते ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते, असे न्यायालयाला दिसून आले. जो दावा मुळातच पोकळ आहे तो 'लावणार नाही' असे आश्वासन देणे हा काही मोबदला नव्हे, म्हणून त्यापोटी घेतलेले पैसे ठेवून घेता येत नाहीत. रक्कम क्षुल्लक होती. पण हा निकाल पुढे तेथील करारविषयक कायद्याच्या अभ्यासात जाऊन बसला.

महाराष्ट्रातून दरवर्षी जी मुले-मुली शिक्षणासाठी या देशांत जातात, त्यांच्या बाबतीत हे सारे अधिक बिकट होते. खोलीचे भाडे भरून हातात फारसे उरत नाही, गल्ल्यावर माणूस नाही, यंत्रापुढे आपणच वस्तू नोंदवायच्या. मोह होतो किंवा चूकही होते. मग पत्र आले की पहिला विचार व्हिसाचा येतो, आणि पैसे भरले म्हणजे प्रकरण पुसले जाईल अशी आशा वाटते. ती खोटी आहे. दिवाणी मागणी आणि फौजदारी कारवाई या दोन वेगळ्या वाटा आहेत. मागणीची रक्कम भरल्याने पोलिसांची नोंद जात नाही, आणि न भरल्याने नवा गुन्हा घडत नाही. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात चोरी हा नैतिक अधःपतनाचा गुन्हा समजला जातो. चोरी, हल्ला, घरफोडी अशा कृत्यांमुळे व्हिसा रद्द होऊ शकतो, असा जाहीर इशारा तेथील भारतातील दूतावासाने जुलै २०२५ मध्ये दिला. म्हणून खरी काळजी घ्यायची ती फौजदारी बाजूची. मागच्या खोलीत पुढे केलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी आणि न्यायालयात गुन्हा कबूल करण्यापूर्वी स्थलांतर कायदा जाणणाऱ्या वकिलाला विचारावे. बहुतेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी सल्लाकेंद्र असते. तेथे गेल्याने अब्रू जात नाही.

राहिले मागणीपत्र. ते कोणी पाठविले, हे प्रथम पाहावे. वसुली कंपनीचे किंवा वकिलाचे पत्र म्हणजे समन्स नव्हे आणि हुकूमनामा तर नव्हेच. त्याच्या बळावर कोणी बेलीफ दारात येऊ शकत नाही. माल परत गेला का, खराब झाला का, मागितलेली रक्कम कोणत्या कलमाखाली आणि कशाच्या हिशेबाने, हे लेखी विचारता येते. त्या उत्तरात गुन्ह्याची कबुली लिहून देण्याचे कारण नाही. मात्र कागद खरोखरच न्यायालयाचा असेल तर तो फडताळात टाकून चालत नाही. इंग्लंडमध्ये दाव्याचे तपशील बजावल्यापासून १४ दिवसांत उत्तर द्यावे लागते. ते न दिल्यास एकतर्फी निकाल होतो, आणि मग ऑक्सफर्डचा निकाल कितीही अनुकूल असला तरी तो वाचायला कोणी बसलेले नसते.

भारतात दिवाणी वसुलीचा असा कायदा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने मात्र किरकोळ चोरीसाठी नवी वाट काढली आहे. कलम ३०३ प्रमाणे पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी प्रथमच सिद्ध झाली आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. शिवाय चोरीचा गुन्हा मालाच्या मालकाला आपसात मिटविता येतो आणि त्या तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेइतकाच असतो. परंतु तडजोड म्हणजे वाटेल ती रक्कम नव्हे. १८७२ च्या करार कायद्यात कलम २३ खाली एक उदाहरण दिलेले आहे: जबरी चोरीची फिर्याद मागे घेण्याचे एकाने वचन द्यायचे आणि त्या बदल्यात दुसऱ्याने नेलेल्या वस्तूंची किंमत भरण्याचे, असा करार रद्दबातल. त्याच कायद्याचे कलम ७४ सांगते की, करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाईच. आपल्याकडील काही दुकानांत गल्ल्याच्या वर पाटी लावलेली असते: 'चोरी करताना आढळल्यास किमतीच्या दहापट दंड वसूल करण्यात येईल.' त्या पाटीमागे कोणताही कायदा नाही.