पेटीतला वारा

पंखा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर छताला टांगलेला, उन्हाळ्यात देवासारखा वाटणारा पंखा उभा राहतो. त्याने वारा घालावा आणि आपण तो घ्यावा. सुटे भाग जुळवून घरी तयार केलेल्या संगणकातल्या पंख्यांकडेही पुष्कळ लोक याच नजरेने पाहतात, आणि तेथेच घोटाळा होतो. छतावरच्या पंख्याने खोली थंड होत नाही. अंगावरचा घाम वाळतो म्हणून आपल्याला गार वाटते, इतकेच. संगणकाला घाम येत नाही. त्याच्या पेटीतला (बाजारात तिला कॅबिनेट म्हणतात) पंखा हा खरे पाहता हमाल आहे. आतली तापलेली हवा उचलायची, दाराबाहेर नेऊन टाकायची आणि तिच्या जागी खोलीतली हवा आणायची, एवढेच त्याचे काम.

तेव्हा खोलीतल्या हवेहून पेटी थंड होणे शक्य नाही. नागपूर-चंद्रपुराकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा हा हमाल बाहेरून आणतो ती हवाच तापलेली असते. आत उष्णता तरी किती? चांगले ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर मिळून भर कामात 300-400 वॉट वीज सहज खातात आणि तिची जवळजवळ सगळी उष्णताच होते. घरातली साधी इस्त्री 750 किंवा 1000 वॉटची असते. म्हणजे जवळजवळ अर्धी इस्त्री बंद पेटीत तासन्‌तास चालू ठेवल्यासारखे झाले! प्रोसेसर 95 ते 100 अंशांच्या घरात पोचला की आपला वेग आपणच कमी करतो आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते. यंत्र वाचते, चाललेले काम मात्र बुडते.

हे बुडणे मी जवळून पाहिले आहे. माझा भाचा आर्किटेक्चर शिकतो. लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून त्याने संगणक घरी जुळवला. पुढचे दोन पंखे तेवढे दुकानदाराने बसवून दिले होते. वर्षअखेरीच्या सबमिशनच्या आदल्या रात्री त्याने इमारतीचे मोठे चित्र तयार करायला लावले. यंत्र आधी मंदावे आणि मग एकाएकी बंद पडे. दोनदा असे झाले. संध्याकाळी दुकानदाराला फोन केला तर त्याचा सल्ला असा, की आणखी तीन पंखे घ्या, रंगीत दिव्यांचे! रात्री अकरा वाजता पोराचा चेहरा रडवेला झालेला. ताईने देवघरातली उदबत्ती आणून दिली. ती मागच्या पंख्याजवळ धरली. धूर दूर फेकला गेला. ठीक. पुढच्या जाळीशी धरली. तेथे धूर आत ओढला जायला हवा होता, तो आमच्याच तोंडावर आला. "मामा, हे तर तिन्ही बाहेरच फुंकताहेत!" भाचा ओरडला. मधल्या मध्ये ग्राफिक्स कार्ड बिचारे श्वासावाचून कोंडले होते. आठ स्क्रू काढले, दोन पंखे फिरवून पुन्हा बसवले. पहाटे साडेपाचला चित्र पुरे झाले. नव्या पंख्यांना एक पैसाही लागला नाही.

पंख्याची दिशा ओळखणे मुळीच अवघड नाही. मधल्या मोटरीला धरून ठेवणारे आडवे हात ज्या बाजूला दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पात्यांची उघडी बाजू हवा ओढते. अलीकडे शोभेसाठी उलट्या पात्यांचे पंखेही निघाले आहेत, तेव्हा चौकटीवर बाण असेल तर तो प्रमाण मानावा. पुढून आणि खालून हवा आत, मागून आणि वरून बाहेर, ही सर्वसाधारण रीत. गरम हवा वर चढते हे खरे, पण पंख्याच्या जोरापुढे तिचे चढणे किरकोळ असते. रस्ता सरळ आहे की नाही, हेच महत्त्वाचे.

आता तारा. वीज अर्थातच आधी बंद करावी. पंख्याच्या वायरीच्या टोकाला तीन किंवा चार भोकांची टोपी असते. पहिली तार परतीची, दुसरी 12 व्होल्टची आणि तिसरी बातमीदार! पंख्याच्या दर फेऱ्याला ती दोन ठोके मदरबोर्डाला कळवते आणि त्यावरून वेग मोजला जातो. चौथी असलीच तर ती हुकमाची तार. तिच्यावरून सेकंदाला सुमारे 25,000 ठोके येतात आणि प्रत्येक ठोका किती लांब, यावरून पंखा आपला वेग ठरवतो. तीन तारांचा पंखा चार पिनांवर खुशाल बसतो, चौथी पिन रिकामी राहते. मात्र बायोसमध्ये जाऊन 'डी. सी.' हा पर्याय निवडावा लागतो. नाही तर पंखा दिवसरात्र पूर्ण वेगाने बोंबलत राहतो.

मदरबोर्डावर या पिनांशेजारी बारीक अक्षरांत नावे छापलेली असतात. एका प्रकारच्या बोर्डावर 'चा फॅन' असे वाचून माझ्यातला मराठीचा मास्तर क्षणभर सुखावला; म्हटले, षष्ठीचा प्रत्यय येथवर पोचला! पण तो 'चासी' म्हणजे सांगाडा या शब्दाचा संक्षेप निघाला. 'सी. पी. यू. फॅन' ही जागा प्रोसेसरच्या पंख्यासाठी राखलेली असते. ती रिकामी दिसली तर पुष्कळसे बोर्ड सुरू होतानाच तक्रार करून अडून बसतात. अशा प्रत्येक जागेतून बहुधा 1 अँपिअर वीज मिळते आणि साधा 120 मिलिमीटरचा पंखा त्याच्या चौथाईहूनही कमी घेतो. त्यामुळे फाटे फोडणारी वायर लावून एका जागी दोन-तीन पंखे चालवता येतात. बातमी तेवढी एकाच पंख्याची कळते. रंगीत दिव्यांचा मामला निराळा. काही दिवे 5 व्होल्टचे, काही 12 चे. पाचाचे बारावर लावले की ते कायमचे विझतात.

आवाजाचे गणित मोठे गमतीचे आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवाही निम्मी होते, पण आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो. सारखे दोन पंखे एकदम लावले तर आवाज जेमतेम 3 डेसिबलने वाढतो. म्हणून एका धावत्या पंख्यापेक्षा दोन सावकाश पंखे बरे. रात्री शेजारी कोणी झोपलेले असेल, तर हा फरक कानांना चटकन कळतो.

राहता राहिली धूळ. बाहेर टाकणाऱ्या पंख्यांपेक्षा आत आणणारे किंचित वरचढ असले, तर हवा फटीफटींतून न शिरता पुढच्या जाळीतूनच येते आणि धूळ त्या जाळीवरच अडकते. दिवाळीच्या झाडलोटीत ती जाळी काढून पाण्याखाली धुवावी, पुरती वाळल्यावरच परत बसवावी. आतली पाती फुंकून साफ करताना मात्र ती बोटाने घट्ट धरून ठेवावीत. जोराच्या फुंकणीने ती भलत्या वेगाने गरगरतात आणि बेअरिंग खराब होते.